गेमिंग लॅपटॉप आणि ब्लू-रे ड्राइव्ह: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आपली तक्रार अशी की, गेमिंग लॅपटॉपमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्क चालवणारा) आत बसवून मागितला तर आम्ही यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह गळ्यात मारला. तो मध्येच टकटक करून बंद पडतो, बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या 4के डिस्क लागत नाहीत आणि प्लेअर सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे घेतले. शिवाय दुसऱ्या एका दुकानदाराने बॉडी कापून ड्राइव्ह आत बसवून देतो म्हणून सांगितले आहे.

हे शेवटचे वाचून काळजी वाटली, म्हणून आधी तेच. लॅपटॉप कापायला देऊ नका. मागचे कव्हर काढून काउंटरवर आपल्याला दाखवले होते. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा ट्रे असायचा त्या जागी आपल्या मशीनमध्ये बॅटरी आहे आणि तिच्या वर दोन पंखे, तांब्याच्या पट्ट्या. बाजारात मिळणारा पातळ ब्लू-रे ड्राइव्हही 9.5 मिमी जाड असतो, वर त्याला साटा कनेक्टर, म्हणजे डिस्क ड्राइव्ह जोडायची खास जागा, लागतो. आपल्या मदरबोर्डवर तो नाहीच, फक्त एसएसडीचे (डेटा साठवणाऱ्या चिपच्या पट्टीचे) एम.2 स्लॉट आहेत. कापताना बॅटरीच्या सेलला हत्याराचे टोक लागले तर भडका उडू शकतो. मुळात डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आम्ही आजही ब्लू-रे बसवून देतो. एक स्क्रू काढायचा, ड्राइव्ह सरकवून बाहेर घ्यायचा, पुढची पट्टी नव्याला लावायची, झाले. आपल्या मशीनला ती सोय कंपनीनेच ठेवलेली नाही.

आता 4के. निळ्या डबीतली डिस्क म्हणजे नेहमीची ब्लू-रे, 1080पी (फुल एचडी). काळ्या डबीतली अल्ट्रा एचडी, म्हणजेच 4के, आणि तिचे कॉपी रोखणारे कुलूप वेगळे आहे. विंडोजवर ती अधिकृतपणे लागायला प्रोसेसरमध्ये इंटेलची एसजीएक्स ही सुरक्षा सोय असावी लागते आणि चित्रही इंटेलच्याच ग्राफिक्समधून बाहेर पडावे लागते. 4के डिस्क लागेल अशी ही सोय सातव्या ते दहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमध्ये मिळायची. अकराव्या पिढीपासून इंटेलने ती काढून टाकली. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ती कधीच नव्हती, आणि आपला लॅपटॉप रायझनचा आहे. त्यामुळे कितीही महाग ड्राइव्ह घ्या, आत बसवा की बाहेर जोडा, काळ्या डबीतली डिस्क अशी लागणार नाही. बिलावर 'फक्त डीव्हीडी व 1080पी ब्लू-रे' असे लिहून दिले ते याचसाठी. 4केच बघायचे असेल तर टीव्हीला जोडायचा वेगळा अल्ट्रा एचडी प्लेअर घ्यावा, त्यात पैसे वाया जाणार नाहीत.

त्या डब्या मात्र एकदा नीट उघडून बघा. बऱ्याच 4के सेटमध्ये तोच चित्रपट साध्या ब्लू-रेवरही सोबत दिलेला असतो. तीही डिस्क लागली नाही, तर रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या देशांसाठी काढली आहे त्याचा कोड, बघावा लागेल. अमेरिका रीजन ए, भारत रीजन सी. प्लेअरमध्ये रीजन बदलता येतो, पण मोजून पाच वेळा, म्हणून घरी प्रयोग करू नका.

आपण टाकलेल्या फोटोत ड्राइव्ह यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावलेला दिसतो, त्याच हबला माऊस आणि कूलिंग पॅडही आहे. डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह जास्त करंट ओढतो. यूएसबी 3 पोर्टमधून साधारण 900 मिलिअँपिअर मिळतात, आणि बिनअडॅप्टरच्या हबमध्ये तेवढेच सगळ्यांत वाटले जातात. ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघा. तरी टकटक राहिली तर तो ड्राइव्हचाच दोष, बदलून देऊ.

विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट लावणारा प्लेअर येत नाही, त्याचे लायसन्स विकतच घ्यावे लागते. कुलूप तोडणारे सॉफ्टवेअर आम्ही कुणालाच टाकून देत नाही.

डिस्कवर चित्रपट बघणारी माणसे आता फार कमी येतात. ब्लू-रेचे चित्र सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जाते, अंधारातल्या प्रसंगात तो फरक डोळ्यांना कळतो. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने वैतागून डिस्क कपाटात टाकाव्यात असे मला मनापासून वाटत नाही.

ड्राइव्ह नको असेल तर बॉक्स आणि केबलसह आणा, त्याचे पूर्ण पैसे परत देतो. लायसन्सची की वापरली गेली आहे, ती परत घेता येणार नाही. ठेवायचा असेल तर लॅपटॉप आणि सगळ्या डब्या घेऊन या, रीजन लावून एकेक डिस्क आपल्यासमोर चालवून बघू. त्याचा चार्ज नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, तेवढी वेळ टाळून या.