घरपट्टी भरू नका म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

कोकणातल्या वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे असे: पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र झाल्या, दिल्लीहून माणशी पैसा गावाला येतो, म्हणून घरपट्टी ही दुहेरी वसुली आहे, आणि आलेला पैसा सरपंच मनाला येईल तसा उडवतो. मुंबईला असलेल्या माझ्या थोरल्या काकांनी हे प्रमाण मानून यंदा घरपट्टी न भरण्याचे ठरवले आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

एकाच संदेशात पंचायत स्वतंत्रही आहे आणि दिल्लीच्या पैशावरही चालते; लिहिणाऱ्याने आपलेच वाक्य दुसऱ्यांदा वाचलेले दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या अहवालानुसार २०२२-२३ मध्ये देशातील पंचायतींचे उत्पन्न ३५,३५४ कोटी रुपये होते. त्यात केंद्राची अनुदाने २४,६९९ कोटी आणि स्वतःच्या करांचे अवघे ७३७ कोटी. याला स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर बोलणेच खुंटले.

खरा घातक मुद्दा घरपट्टीचा आहे. केंद्रीय वित्त आयोग (केंद्राच्या पैशातून राज्यांना आणि पंचायतींना किती द्यायचे हे सुचवणारा आयोग) जो निधी सुचवतो तो वाटताना मुख्य भार लोकसंख्येवर असतो, आणि जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. म्हणजे मुंबईला नोकरी करून गणपती-शिमग्याला घराचे कुलूप उघडणाऱ्या चाकरमान्याच्या नावाने गावाला काहीच येत नाही. मात्र त्याच्या घरापर्यंतची पाखाडी (दगडी पायवाट), दिवा आणि नळ वर्षभर राखावा लागतो, तोही डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांमधून. शिवाय २०२१-२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाला महिन्याचे पैसे द्यायचे ते मुख्यतः पट्टीच्या वसुलीतून. काकांच्या घरपट्टीला पर्याय म्हणून दिल्लीचा जो पैसा दाखवला जातो, तो पगाराला लावता येत नाही.

संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पंचायतींची स्वायत्तता बरीचशी कागदावरच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. वाडीला साकवाची (ओढ्यावरच्या छोट्या पुलाची) निकड असली तरी त्यातला रुपया तिकडे वळवता येत नाही. कोणते कर बसवायचे हेही राज्याचा १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम ठरवतो. पण त्या कायद्याने हाती ठेवलेले जे थोडे उत्पन्न पंचायतीला आपल्या निर्णयाने खर्चता येते, त्यात घरपट्टीच प्रमुख आहे. तीच बुडवली तर दिल्लीवरचे अवलंबन आणखी वाढेल.

सरपंचाविषयी फार लिहीत नाही. वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ग्रामसभेपुढे आलेल्या विकास आराखड्यानुसार व्हावा लागतो आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. संशय असेल त्याने तिथे आपल्या पंचायतीचे नाव शोधावे आणि ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागावा.