‘एटिकेट’ व्हर्सायच्या हिरवळीवर उगवला नाही

‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशी सुरुवात असलेला एक मजकूर पुन्हा फिरतो आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्सायच्या बागेत पाहुणे हिरवळ तुडवत. वैतागून माळ्याने ‘इथून चालू नये’ अशा पाट्या लावल्या. पाटीला फ्रेंचमध्ये ‘एतिकेत’ म्हणतात. राजाने पाट्या पाळायचा हुकूम काढला, इंग्रज पाहुणे शब्द घरी घेऊन गेले आणि शिष्टाचाराचं नाव पडलं ‘एटिकेट’. परवा एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सातवीतल्या मुलीने हे घडाघडा म्हणून दाखवलं. तिचा काही दोष नाही, पण तिच्यापर्यंत खरी गोष्ट पोचायला हवी होती.

‘एतिकेत म्हणजे पाटी.’ हे बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच बाकीचं पचतं. जुन्या फ्रेंचमधल्या चिकटवणं, रोवणं या अर्थाच्या क्रियापदावरून तो शब्द आला. खटल्याचे कागद तेव्हा पिशवीत ठेवत आणि पिशवीवर पक्षकारांच्या नावांची चिठ्ठी लावत; ती एतिकेत. आजही फ्रान्समध्ये बरणीवरच्या लेबलाला हाच शब्द आहे. यासाठी माळी लागत नाही.

‘शिष्टाचाराचा अर्थ लुईच्या हुकमाने आला.’ इथे सगळी गोष्ट कोसळते. आजच्या फ्रान्सच्या पूर्वेकडचं जुनं संस्थान बरगंडी, तिथल्या ड्यूकांचे (सरदार-राजांचे) काटेकोर दरबारी रिवाज सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये स्पेनमध्ये आणले. पुढे स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या काळात, १६५१ मध्ये, माद्रिदच्या राजवाड्याची नियमावली तयार झाली. तिचं नावच ‘एतिकेतास’! त्या वर्षी लुई बारा-तेरा वर्षांचा पोर होता. तेव्हा व्हर्साय म्हणजे त्याच्या वडिलांनी बांधलेला शिकारीचा वाडा. आंद्रे ल नोत्रने तिथली प्रसिद्ध बाग आखायला घेतली ती १६६० नंतर, आणि दरबार तिथे कायमचा गेला १६८२ मध्ये. शब्द दरबारी झाला तेव्हा ती हिरवळच नव्हती.

शिवाय व्हर्सायची खरी एतिकेत गवताबद्दल नव्हतीच. ती होती मानपानाची उतरंड. सकाळी राजाच्या हाती सदरा कोणी द्यायचा, रात्री तो झोपायला जाताना मेणबत्ती धरण्याचा मान कोणाला, राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर बसायची मुभा कोणाला (ती डचेसना, म्हणजे ड्यूकांच्या बायकांना असे), यावरून घराणी एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. आपल्याकडे लग्नात विहिणीचा मान चुकला की काय होतं ते पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. बागेचं म्हणाल, तर पाहुण्यांनी ती कोणत्या क्रमाने पाहावी याची वाटदर्शिका खुद्द लुईने लिहिली होती.

‘इंग्रज पाहुण्यांनी शब्द नेला.’ लुई वारला १७१५ मध्ये. इंग्रजीत हा शब्द रुळला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर, तोही आधी दरबारी रिवाजांसाठीच. घरगुती वागणुकीला तो नंतर लागू झाला.

मात्र याच फ्रेंच शब्दाचं दुसरं रूप इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, पोचलं होतं. चिठ्ठी, छोटा कागद हा मूळ अर्थ त्याने टिकवला. तो शब्द ‘टिकेट’, म्हणजे एसटीचा वाहक रोज आपल्या हातावर ठेवतो ते तिकीट.