हळू फिरतंय कोण म्हणतं?

कट्ट्यावर पवनचक्क्यांचा विषय काढला मंदारने. "एवढं धूड उभं करायचं, आणि फिरतं किती? मिनिटाला १२ फेरे! त्यातून कसली वीज?"

वैशाली पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करते. ती म्हणाली, "टोकाकडे बघ ना. पातं ६० मीटरचं धर. एका फेऱ्यात टोक पावणेचारशे मीटर कापतं. हिशेब कर, ताशी २७० किलोमीटर. आणि वारा पात्याला नुसता ढकलत नाही. विमानाच्या पंखाला मिळते तशी उचल पात्याला मिळते, त्यावर ते फिरतं. मग गिअरबॉक्स त्या १२ फेऱ्यांचे दीडेक हजार करतो आणि जनरेटर चालतो."

"आणि पवनचक्क्यांमुळे ढग पळतात, पाऊस पडत नाही म्हणतात, त्याचं?" सुनील.

"पाऊस घडतो तो कित्येक किलोमीटर उंचीच्या हवेत. आमचं पातं दोनशे मीटरच्या आसपास संपतं. मागची हवा मात्र घुसळली जाते, रात्री जमिनीलगत किंचित ऊब राहते. तेवढंच."

माझं मन त्या २७० वरच अडकलं होतं. लांबून संथ दिसणारं पातं पक्ष्याला जवळ आल्यावर दिसतच नाही, नुसतं धूसर होतं. फिरोज म्हणाला, "मांजरं आणि काचा याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात." खरंय. पण मांजर गरुड मारत नाही. गरुडाचं वर्षाला एखाद-दुसरं पिल्लू जगतं, तिथे एकेक मरण जड जातं. नॉर्वेच्या स्मोला बेटावर ४ चक्क्यांचं तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, तर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. चारच चक्क्या होत्या, मान्य. म्हणून तर आणखी ठिकाणी करून बघायला हवं.

"आणि वटवाघळं?" मी विचारलं. ती मरतात मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्री. त्या वेळी चक्की थांबवली तर मृत्यू निम्म्यावर येतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

"मग वीज बुडणार," मंदार.

"फार नाही," वैशालीच म्हणाली. "वारा दुप्पट झाला की ताकद आठपट होते. म्हणजे सेकंदाला १० मीटरचा वारा ५ वर आला की आठवा हिस्साच उरतो. त्या रात्रींत मुळात मिळतंच काय?"

"थांबवायला खर्च किती?"

"वाऱ्याच्या ज्या वेगाला चक्की सुरू होते, तो सेकंदाला साडेतीन मीटरचा पाच करायचा. कंट्रोल रूममधून एक आकडा बदलायचा असतो. मी स्वतः बदललाय."

मग तो आकडा चक्कीच्या परवान्यातच लिहा, एवढंच माझं मागणं आहे.