खऱ्या अश्रूंना घाबरणारा दिग्दर्शक

पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीचं नाव निघालं की आपल्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्या मंडळींचा आवाज आपोआप खाली येतो. नियती, योगायोग, ईश्वराचं मौन वगैरे सुरू होतं. थोड्या वेळाने 'थ्री कलर्स: ब्लू'मधला स्विमिंग पूल येतो आणि मग त्याचा संगीतकार प्राइझ्नर याचं संगीत. माझं मत जरा वेगळं आहे, कमेंटमध्ये भांडायला या. मला वाटतं क्षिश्तॉफ किश्लोव्स्की शेवटपर्यंत डॉक्युमेंटरीवालाच राहिला. कॅमेऱ्यामुळे खऱ्याखुऱ्या माणसांचं काय होऊ शकतं हे बघून तो धास्तावला, म्हणून कथापटांकडे वळला. अध्यात्म वगैरे आपण नंतर चिकटवलं.

१९४१ साली वॉर्सात जन्म. वडिलांना क्षय, त्यामुळे बालपण या सॅनिटोरियमच्या गावातून त्या गावात. फायरमनच्या शाळेत काही महिने काढले आणि पळ काढला. लोड्झच्या फिल्म स्कूलने दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा घेतलं. त्याआधी थिएटरमध्ये नटांना कपडे चढवायचं कामही केलं होतं, ते पुढे उपयोगी पडलं.

सत्तरच्या दशकातल्या त्याच्या छोट्या डॉक्युमेंटरीज आपल्याकडे फारच कमी लोक बघतात. कम्युनिस्ट राजवटीतल्या सरकारी बातम्यांत दिसणारा पोलंड आणि ट्रामच्या रांगेत उभा असलेला पोलंड यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नव्हता. अशा देशात जे आहे ते नुसतं दाखवणं हेसुद्धा राजकारण होतं. 'हॉस्पिटल'मध्ये (१९७६) हाडांच्या डॉक्टरांची लांबलचक ड्युटी आहे. डोळे तारवटलेले, हातात सिगारेट, आणि ऐन ऑपरेशनमध्ये ठोकता ठोकता हातोडाच मोडतो. एका शब्दाचं भाष्य नाही. व्यवस्थेबद्दल आणखी काय सांगायचं राहिलं?

पण याच काळात त्याला एक गोष्ट टोचायला लागली होती. 'फर्स्ट लव्ह'मध्ये (१९७४) एका अगदी तरुण जोडप्याच्या मागे तो महिनोन् महिने होता, मुलगी गरोदर असल्यापासून बाळंतपणापर्यंत. प्रसंग मिळावा म्हणून त्याने त्यांच्या खोलीवर एक पोलीस पाठवण्याचीही व्यवस्था केली. पुढे त्याने हे स्वतःच सांगून टाकलं. तीन वर्षांनी एका कारखान्याच्या वॉचमनवर फिल्म केली. शिस्त, तपासणी, जाहीर फाशी यांचा भोक्ता असा हा गृहस्थ, आणि कॅमेऱ्यापुढे मोठ्या खुशीत बोलतोय. फिल्म गाजली. टीव्हीवर दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र किश्लोव्स्कीनेच विरोध केला. शेजारीपाजारी या माणसाला जगू देणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याला ती विचारसरणी दाखवायची होती, तो एक म्हातारा बदनाम करायचा नव्हता. आज कोणाचाही व्हिडिओ काढून 'बघा हा नमुना' म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या काळात हे वाचून जरा चमकायला होतं.

त्याचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट 'पर्सोनेल' (१९७५) टीव्हीसाठीच होता. ऑपेराच्या कपडेपटात शिवणकाम करणारा एक पोरगा. त्याला वरून सांगितलं जातं, तुझ्या मित्राविरुद्ध दोन ओळी लिहून दे. शेवटी तो कोऱ्या कागदापुढे बसलेला दिसतो. 'कॅमेरा बफ'मध्ये (१९७९) कारखान्यातला कामगार तान्ह्या लेकीसाठी आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतो, त्याच्या फिल्ममुळे दुसऱ्या कोणाची तरी नोकरी जाते. या कथापटाला मॉस्कोच्या चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं. दोन्हींत प्रश्न एकच: मी जे नोंदवून ठेवतोय, ते उद्या कोणाच्या हातात पडणार?

उत्तर त्याला १९८० च्या सुमारास मिळालं. वॉर्सा सेंट्रल स्टेशनवर तो 'रेल्वे स्टेशन' नावाची फिल्म करत होता. पेंगणारे, ताटकळलेले, गाडीची वाट बघणारे प्रवासी, एवढंच. एका रात्री पोलीस आले आणि सगळं फुटेज उचलून घेऊन गेले. एका मुलीने आईचा खून करून प्रेत स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. ती चुकून कुठे टिपली गेलीय का, हे त्यांना बघायचं होतं. ती सापडली नाही. फुटेज परत आलं. पण कॅमेरा त्या रात्री दुसऱ्या बाजूला वळला असता तर मी नकळत पोलिसांचा खबऱ्या झालो असतो, हा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. खुनी पकडून दिला तर बिघडलं काय, असं कोणीही विचारेल. तेव्हाच्या पोलंडमध्ये आज खुनी शोधणारे पोलीस उद्या याच फुटेजमधून आणखी कोणालाही शोधू शकत होते. डॉक्युमेंटरीचं काम तिथून जवळजवळ संपलंच. खऱ्या अश्रूंची मला भीती वाटते, ते टिपायचा मला हक्क आहे का तेच कळत नाही, अशा अर्थाचं तो पुढे बोलला. नटांच्या खोट्या अश्रूंसाठी ग्लिसरीनची बाटली असते.

आणि आता याच्या बरोबर उलटा किस्सा, माझा सर्वांत आवडता. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा आला. राजकीय खटल्यांवर फिल्म करायची म्हणून किश्लोव्स्की कोर्टात कॅमेरा घेऊन गेला. तिथे त्याची क्षिश्तॉफ पिएसेविच या वकिलाशी गाठ पडली. लवकरच एक गंमत लक्षात आली: कॅमेरा समोर असला की न्यायाधीश कडक शिक्षा द्यायला कचरतात. अन्याय करताना आपला चेहरा फिल्मवर राहावा असं कोणाला वाटेल! मग काय, वकील मंडळी त्याला आपापल्या खटल्यांना बोलवायला लागली. एक कॅमेरा पुरेना म्हणून त्याने दुसराही आणला. त्यात फिल्मच नव्हती. रिकामा कॅमेरा नुसता उभा, आणि समोरचा आरोपी कडक शिक्षेतून वाचतोय. ती डॉक्युमेंटरी कधी झालीच नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून 'नो एंड' (१९८५) लिहिला आणि पुढचं सगळं लेखन एकत्रच केलं.

'डेकालॉग'ची कल्पना या वकिलाचीच. बायबलमधल्या दहा आज्ञांवर टीव्हीसाठी तासा-तासाचे दहा भाग. आपल्याकडे दूरदर्शनवरच्या रामायण-महाभारताने रविवारी सकाळी रस्ते ओस पडत होते, साधारण त्याच वर्षांत तिकडे पोलिश सरकारी टीव्हीच्या पैशांतून हे चाललं होतं. इथे ना देव ना प्रवचन. वॉर्सातली एक करड्या रंगाची हाउसिंग सोसायटी, तिच्या लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये एक पेच. पैसे कमी होते, म्हणून दोन भागांच्या लांब आवृत्त्या थिएटरसाठी करून देतो या बोलीवर आणखी पैसे उभे केले. दहा भागांना नऊ कॅमेरामन, प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने काम करायची मोकळीक.

दुसऱ्या भागात एक बाई डॉक्टरला छळतेय: माझा नवरा जगणार की मरणार, ते सांगा. तिच्या पोटात दुसऱ्याचं मूल आहे आणि निर्णय या उत्तरावर अडलाय. आणि मध्येच नवऱ्याच्या उशापाशी फळांच्या रसाच्या ग्लासात पडलेली एक गांधीलमाशी. चमच्याचा आधार घेत, घसरत, पुन्हा चढत ती कशीबशी वर येते. समीक्षकांनी त्यात पुनर्जन्म बघितला, बघोत बापडे. मला तिथे एक जुना डॉक्युमेंटरीवाला दिसतो. ती माशी बाहेर येते की नाही एवढंच बघत थांबलेला.

पाचवा भाग म्हणजे 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'ची टीव्ही आवृत्ती. लांबवलेल्या सिनेमात एक पोरगा टॅक्सीवाल्याला मारतो, त्याला सातेक मिनिटं लागतात. दोरी, काठी, दगड, काहीच धड चालत नाही. मग सरकार त्या पोराला फाशी देतं, तितक्याच तपशिलात: पडदा, दोराची चाचणी, खालचा ट्रे. १९८८ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी प्राइझ मिळालं. पोलंडमधली शेवटची फाशीही त्याच वर्षीची. सिनेमाने फाशी थांबवली असं म्हणणं जास्तीचं होईल, पण वाद पेटलेलाच होता आणि हा सिनेमा त्याच्या मधोमध येऊन पडला.

फ्रान्समधल्या काळाबद्दल थोडक्यातच लिहितो, त्यावर बाकीचे भरपूर लिहितात. 'थ्री कलर्स' म्हणजे 'ब्लू', 'व्हाइट', 'रेड' ही त्रयी. 'ब्लू' मला जरा जास्तच देखणा वाटतो. त्यातला कॉफीत भिजणारा साखरेचा क्यूब मात्र बघावा. साखर पाच सेकंदांत भिजायला हवी, आठ झाले तर प्रेक्षक कंटाळेल, म्हणून असिस्टंटने निरनिराळे क्यूब बुडवून वेळ मोजत बसायचं. नियतीची चर्चा करणाऱ्यांनी या असिस्टंटबद्दलही कधी बोलावं. 'व्हाइट'वर सगळ्यात जास्त अन्याय झालाय. पॅरिसमध्ये लुटला गेलेला न्हावी सुटकेसमध्ये बसून मायदेशी येतो, चोर ती सुटकेस पळवतात आणि त्याला मारून बर्फातल्या कचऱ्यात टाकतात, आणि तो म्हणतो, आलो बुवा घरी! कम्युनिझम गेल्यावर जिथे प्रेतसुद्धा विकत मिळतं, अशा पोलंडचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

'रेड'नंतर १९९४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पिएसेविचबरोबर पटकथांचं काम तरीही चालूच होतं. १३ मार्च १९९६ रोजी हृदयाच्या ऑपरेशननंतर गेला. वय ५४.

ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांनी 'डेकालॉग'च्या दहाव्या भागापासून सुरुवात करावी. वडिलांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह हाती लागलेले दोन भाऊ, आणि एका दुर्मिळ तिकिटापायी त्यातल्या एकाची किडनी. खदखदून हसाल. पाचवा भाग रात्री जेवून झाल्यावर लावू नका. आणि कोणी रेट्रोस्पेक्टिव्ह भरवत असेल तर 'ब्लू' एकदा वगळा आणि त्या वेळेत 'हॉस्पिटल' आणि 'रेल्वे स्टेशन' दाखवा. दोन्ही मिळून तासभरसुद्धा होत नाहीत.