गवती धावपट्टीवरील अपघाताचा फिरता संदेश

परदेशातील एका गवती धावपट्टीवरून उडताना छोट्या खाजगी विमानाला झालेल्या अपघाताची चित्रफीत सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप गटांवर जोरात फिरत आहे. तिच्याखालचा मजकूर सांगतो की, इंजिन बंद पडल्यामुळे विमान आदळले, वैमानिकाने लगेच माघारी वळून धावपट्टी गाठली असती तर अपघात टळला असता, गवतावरून विमान उडवणे हाच मुळात गुन्हा आहे, आणि उद्या आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरही हेच घडेल, तेव्हा मुलांना वैमानिक करण्याचा नाद सोडा. हे वाचून माझ्या आक्काने भाच्याच्या वैमानिक प्रशिक्षणाचे शुल्क भरायचे थांबवले आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

इंजिन बंद पडल्याचा शोध लावणाऱ्याने चित्रफीत बहुधा आवाज बंद ठेवून पाहिली असावी, कारण विमान कुंपणाला धडकेपर्यंत इंजिनाची घरघर जराही कमी होत नाही. उलट चाकांमागून पाण्याचे तुषार उडताना दिसतात आणि कडेच्या खांबावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा विमान धावते आहे त्याच दिशेने फुगलेला आहे, म्हणजे वारा पाठीमागून होता. नेमके कारण चौकशीत ठरेल. मात्र विमान उचलले आणि वर चढू शकले नाही, हा प्रकार जाणकारांना अनोळखी नाही: जमिनीलगत, साधारण पंखांच्या एकूण लांबीइतक्या उंचीच्या आत हवेचा अवरोध कमी होतो, त्यामुळे वेग अपुरा असतानाही विमान तरंगते आणि त्या थराबाहेर निघू पाहताच पुन्हा खाली बसते.

माघारी वळण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे. इंजिन खरोखरच दोन-तीनशे फुटांवर बंद पडले असे धरले, तरी विमान वळवणे म्हणजे दसरा चौकातून रिक्षा वळवणे नव्हे; आधी अर्ध्या वर्तुळाहून अधिक वळून मग धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा उलट वळावे लागते. विमान 45 अंश कलवले की त्याचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग, सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, आणि 60 अंशांना 41 टक्क्यांनी. म्हणजे 50 नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचे एकक) पेलणारे पंख 45 अंशांच्या वळणात जवळपास 60 नॉट मागतात, आणि ते द्यायला इंजिन नसते. त्यात धावपट्टी गाठण्याच्या धडपडीत नाक वर ओढले, तर विमान गिरकी घेत खाली येते आणि सावरायला उंची उरत नाही. म्हणूनच नवशिक्याला नाक खाली घ्या, वेग राखा आणि समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरा, असे घोकून घेतले जाते. संदेशाने याच्या नेमके उलटे शिकवले आहे.

गवतावरून उडणे गुन्हा असता, तर ब्रिटनमधले कित्येक फ्लाइंग क्लब केव्हाच बंद पडले असते. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथेही डांबरी धावपट्टी नव्हती. तरीही गवत चाकांना रोखते एवढे मान्य करावे लागेल. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकानुसार उड्डाणाचे अंतर ओल्या गवतावर 30 टक्के, दोन टक्के चढावर 10 टक्के आणि उड्डाणवेगाच्या एक दशांश इतका वारा पाठीमागून असल्यास 20 टक्के वाढते, आणि हे आकडे बेरजेने नव्हे, गुणाकाराने लावायचे असतात. त्या हिशेबाने 500 मीटरचे 858 मीटर होतात. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग आला नाही, तर उड्डाण सोडून द्यावे, हा वैमानिकांचा ठोकताळा त्यासाठीच आहे.

राहिली उजळाईवाडी. तिथली धावपट्टी डांबरी आहे, लांबही आहे, तेव्हा ओल्या गवताची भीती तिथे गैरलागू ठरते. उंची आणि ऊन यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचा संदेशात उल्लेखही नाही: समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवरच्या त्या विमानतळावर मे महिन्यात 38 अंश तापमान असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांपेक्षाही वर असल्यासारखेच उडावे लागते.