पानावरून हापूस ठरवू नका

मिरग जवळ आला की मोबाईलवर तोच संदेश फिरायला लागतो. कलम घेताना फसू नका, पान बघा. पालवी तांबडी तर हापूस, हिरवी तर रायवळ. पान चुरगळून आंब्याचा वास आला तर अस्सल. रुंद पान हापूसचं, लांबट पायरीचं. आणि कलम बुटकं दिसलं की हायब्रीड समजा. राजापूरकडच्या आमच्या गावात यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. मी वीस-बावीस वर्षं कलमं बांधतो, म्हणून लिहितोय. चुकीचं झाड लावलं तर ते कळेपर्यंत पाच-सहा वर्षं निघून जातात.

पालवीच्या रंगाचं आधी. कोवळ्या पानातलं लाल रंगद्रव्य बहुतेक जातींत कमीजास्त असतं. हरितद्रव्य भरत गेलं की तेच पान पोपटी आणि मग गडद हिरवं होतं. आज तांबडं दिसणारं कलम दोन-तीन आठवड्यांनी बघा, रंग गेलेला असेल. रायवळ तर कोयीपासून वाढतं, प्रत्येक झाड निराळं. आमच्या विहिरीजवळच्या रायवळाची पालवी शेजारच्या हापूसपेक्षा लालभडक येते.

वासाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. जातीजातीच्या पानांचा वास वेगळा असतो आणि जुन्या जाणत्या माणसाला तो फरक कळतो, हे मी पाहिलंय. पण चुरगळलेल्या पानाला येतो तो कैरीचा, चिकाचा वास. पिकल्या हापूसचा घमघमाट फळ पिकताना तयार होतो, तो पानात शोधून सापडायचा नाही. पहिल्यांदाच कलम घेणाऱ्याला कुठलंही पान हुंगायला दिलं तरी आंब्याचाच वास येणार.

पानाच्या आकारासाठी मी परवा पट्टी घेऊन बसलो. माझ्याच एका हापूसची, एकाच फांदीवरची दोन पानं मोजली: एक १४ सेंटिमीटर, दुसरं २३. पिशवीतल्या कलमाला सावली, पाणी, युरिया जसा मिळेल तसं पान होतं. जातीचं वर्णन करताना तज्ज्ञ पानाची मापं घेतात, पण पूर्ण वाढलेल्या पानांची, आणि जोडीला मोहोर, फळ, कोय हे सगळं बघतात.

हायब्रीडच्या बाबतीत हा संदेश सगळ्यात जास्त फसवतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेला रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर, १९८१ सालचा. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू आला. म्हणजे सिंधूत हापूसचाच वाटा मोठा. पिशवीतली चार पानं बघून त्याला हापूसपासून वेगळं काढणं मला जमत नाही. ओळख पटते ती फळावर: रत्नात साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा खराब भाग, होत नाही, सिंधूची कोय अगदी पातळ असते. बुटकेपणाचंही तेच. दशहरी आणि नीलमचा संकर असलेली आम्रपाली खरोखर ठेंगणी, अडीच मीटरवर लावता येते, आणि हापूसला दहा मीटर सोडतात. पण हा फरक झाड वाढल्यावरचा. पिशवीत दोन्ही गुडघ्याएवढीच. शिवाय हायब्रीड म्हणजे खोटं, हा सूर मला मुळीच मान्य नाही. संशोधन केंद्रांत तयार झालेली ही जातिवंत झाडं आहेत. फक्त रत्ना मागितला तर रत्ना मिळाला पाहिजे.

खरी फसगत होते ती जोडाशी, आणि संदेशात जोडाचं नावही नाही. कलमाचा खुंट, म्हणजे मुळांसकट खालचं रोप, रायवळाचा असतो आणि त्यावर हव्या जातीची काडी जोडतात. वरची काडी मेली की खुंट खालून फुटतो आणि तीच पानं तुम्ही कौतुकानं न्याहाळत बसता. कोय कलमात, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेल्या कलमात, जोड जमिनीलगत, मातीत दडलेला असू शकतो. माती बोटानं बाजूला करा, जोडाची गाठ शोधा, पट्टीचा वळ बघा, आणि हिरवा फुटवा गाठीच्या वरून आलाय की खालून, ते तपासा. काडी कुठल्या मातृवृक्षाची हे विचारा. परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या, पावतीवर जात लिहून घ्या. फळरोपवाटिकांना परवाना लागतो, हा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे.

माझ्या काकांनी असंच तांबड्या पालवीवर भुलून एका फिरत्या विक्रेत्याकडून कलम घेतलं होतं. सहाव्या वर्षी रेषाळ, आंबट फळ धरलं. गेल्या वर्षी मी ते छाटलं आणि नव्या फुटव्यांवर आमच्या हापूसच्या सात काड्या बांधल्या. पाच जगल्यात. जोडाखालून येणारा रायवळाचा फुटवा काका रोज सकाळी स्वतः खुडतात.