पाकाला तार, आयसिंगला टोक

सांगलीच्या माणसाला साखरेबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. डिसेंबरात गाळप जोरात असतं, उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकली नाही असा दिवस जात नाही, आणि प्रत्येक घराण्यात एक तरी काकू अशी असते, जी पाकाचे बुडबुडे लांबूनच बघून ‘अजून कच्चा आहे’ म्हणते आणि तिचं बरोबर निघतं. अशा गावात शाळेच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडतो: ‘नाताळनिमित्त जिंजरब्रेड हाऊस स्पर्धा. पालकांनी थोडी मदत करावी.’ मूल वर गोळ्या चिकटवणार, उरलेल्या खाणार आणि बाकीचं घर पालक बांधणार, एवढं मेसेजमध्ये लिहायचं राहून गेलेलं असतं.

नाताळ आमच्या भागाला नवा नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. पण इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात. सुंठीच्या बिस्किटांचं घर ही जर्मनांची हौस. त्यांच्याकडे त्या दिवसांत बाहेर बर्फ असतो आणि घरात मुंग्या नसतात.

भिंतींचं आधी उरकून टाकतो, कारण त्या सोप्या आहेत. ३०० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम काकवी, दीड चमचा सुंठ, एक चमचा दालचिनी. परदेशी कृतीत मोलॅसिस लिहिलेलं असतं. ते शोधत फिरू नका, गुऱ्हाळाची काकवी त्याहून सरस. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात घालायची नाही, भिंती फुगून वाकड्या होतात. पाच मिलिमीटर जाड लाटायचं, पुठ्ठ्याचे साचे ठेवून कापायचं. बाजूच्या दोन भिंती १२ बाय ८ सेंटीमीटर. पुढची-मागची १० रुंद, कडेला ८ उंच आणि मध्ये टोकाला १३. छपराचे दोन तुकडे १४ बाय ९. १७५ अंशांवर पंधरा मिनिटं, आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या, गरम असतानाच, साचा परत ठेवून कडा सरळ कापायच्या. तरीही कड वाकडी राहिलीच तर गार झाल्यावर बारीक किसणीवर हलक्या हाताने घासायची. झालं.

खरी परीक्षा रॉयल आयसिंगची, म्हणजे भिंती जोडायच्या आणि छपरावर बर्फ म्हणून पसरायच्या साखरेच्या लेपाची. अंड्याचा पांढरा, आयसिंग शुगर आणि लिंबू, तीनच जिन्नस. तीन जिन्नसांत बिघडून बिघडून काय बिघडणार, असं वाटतं तिथेच माणूस फसतो.

प्रमाण असं: तीन अंड्यांचा पांढरा, म्हणजे साधारण ९० ग्रॅम, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक चमचा गाळलेला लिंबाचा रस. लिंबू गाळूनच घ्या. बी निदान दिसते तरी, पण रसातला एवढासा तंतू नोझलमध्ये, म्हणजे आयसिंगच्या कोनाच्या बारीक तोंडात, जाऊन बसतो आणि तो तिथे आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. अंडं फ्रीजमधून काढून गार असतानाच फोडायचं, कारण तेव्हा पिवळा घट्ट असतो आणि नीट वेगळा होतो. फेटायचं मात्र पांढरा घरातल्या हवेला आल्यावर. पिवळ्याचा थेंबही नको. त्यात चरबी असते, आणि चरबी शिरली की फेस जोर धरत नाही.

इथे आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास आडवा येतो. आयसिंग शुगर संपलीय म्हणून कुणीतरी साखर मिक्सरला लावतं, आणि लावतं कुठल्या भांड्यात? ज्यात परवा कांदा-लसूण मसाला फिरवला त्यात. भांडं घासलेलं असतं, पण झाकणाच्या रबराखाली तेल आणि तिखट दोन्ही मुक्कामाला असतात. फेस चढत नाही तो नाहीच, वर बर्फाला लसणाचा वास. प्लास्टिकचं भांडंही नको, कितीही घासलं तरी त्याला तेलकटपणा चिकटून राहतो. स्टील किंवा काच घ्या, लिंबाच्या फोडीने आतून पुसा, कोरडं करा. साखर घरीच दळणं भाग असेल तर ५०० ग्रॅमला एक टेबलस्पून कॉर्नफ्लॉर घालून दळा आणि मलमलीच्या कापडातून दोनदा चाळा. मैद्याच्या चाळणीतून निसटलेला एक कण दोन नंबरच्या नोझलचं तोंड बंद करायला पुरेसा असतो. मला विचाराल तर गणपती पेठेतून तयार पाकीट आणा आणि तेही चाळून घ्या.

आता अंड्याचा प्रश्न. शाळांच्या या स्पर्धा बहुतेक वर्षी गाठतात मार्गशीर्ष. गुरुवारची मांडणी देवघरापुढे, आणि ओट्यावर अंडी! एरवी रविवारी रश्श्यावर तुटून पडणाऱ्या घरातही या महिन्यात अंडं उंबऱ्याबाहेर. अशा वेळी काबुली चणे उपयोगी पडतात. रात्रभर भिजवा, नव्या पाण्यात मीठ-सोडा न घालता शिजवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, मग पाणी गाळून आटवा. चमच्यावरून पांढऱ्या बलकाइतकं चिकट उतरायला लागलं की बास. ते ९० मिलिलिटर घ्यायचं. फेस यायला जास्त वेळ लागतो, वाळायलाही जास्त वेळ लागतो, पण घर उभं राहतं. नंतर सलग छोले खावे लागतात, त्याला इलाज नाही. केकच्या सामानाच्या दुकानात मेरिंग पावडर मिळते, पण ती वाळवलेल्या अंड्याचीच असते. सासूबाईंनी डबा वाचला नाही तर चालून जाते. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची भीती असते, म्हणून घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि आयसिंग चाटलं जाणार असेल (जातंच), तर कच्चं अंडं टाळलेलंच बरं.

फेटताना पांढरा आधी काट्याने नुसता मोडून घ्यायचा, साखर तीन-चार वेळा करून घालायची, आणि बीटर कमी गतीवर पाच-सात मिनिटं. वेग वाढवला की भराभर फुगतं, बघायला छान दिसतं, पण नको तितकी हवा भरली जाते आणि वाळल्यावर ते आयसिंग ठिसूळ होतं. छप्पर मग आयसिंगसकट खाली येतं.

नेमकं याच सुमाराला काकूंचं आगमन होतं.

“किती तारी केलाय गं?”

“काकू, तार नसते याला.”

“तार नाही? मग कळतं कसं?”

टोकावरून कळतं. बीटर बंद करून वर उचलायचा आणि उलटा धरायचा. भिंती जोडायला हवं ते टोक ताठ उभं राहतं, वाकत नाही. वळचणीला बर्फाच्या सुया सोडायच्या, खिडक्या काढायच्या, तर टोकाने किंचित मान टाकायला हवी. आणि छपरावर पसरायचं असेल तर त्यात सुरीने रेघ मारायची, ती दहा ते पंधरा सेकंदांत मिटली पाहिजे. लवकर मिटली तर ओघळणार, मिटलीच नाही तर ढेकळं दिसणार. या तिन्ही अवस्थांमध्ये फरक फक्त काही थेंबांचा असतो. पाणी पाव चमच्याने घाला. ‘अंदाजाने’ घालणाऱ्याच्या हातून वाटी काढून घ्या. पातळ झालंच तर चाळलेली साखर चमच्याने परत घाला.

काकूंना हे पटत नाही, आणि त्या अगदीच चुकीच्या आहेत असंही नाही. साखर कोरडी वितळवून, दीडशे अंशांच्या वर नेऊन, तिच्यात भिंतीची कड बुडवली तर भिंत मोजून काही सेकंदांत चिकटते. पण मग ती वाकडी चिकटली तरी तशीच राहते, आणि तो पाक बोटाला लागला तर फोड ठरलेला. मुलाची स्पर्धा आहे म्हणताना कढई लांबच ठेवावी.

दुसरा सल्ला येतो क्लास केलेल्या वहिनींकडून: चमचाभर ग्लिसरीन घाल. घालू नका. केकवरचं आयसिंग सुरीने कापता यावं म्हणून ते घालतात, त्याने आयसिंग मऊ राहतं. आपल्याला मऊ नकोय. गवंड्याचं सिमेंट पाणी पिऊन कडक होतं, हे पाणी सोडून कडक होतं. सगळा घोळ इथे आहे, कारण बांधलेल्या भिंतीवर रोज पाणी मारायची सवय असलेले आजोबा ‘जरा ओलं फडकं तरी ठेव वर’ म्हणतात. ओलं फडकं ठेवायचं ते वाटीतल्या आयसिंगवर, घरावर नव्हे. वाटी उघडी राहिली तर काही मिनिटांत साय धरते, आणि तो पापुद्रा चमच्याने ढवळून आत घातला की नोझल तुंबलंच म्हणून समजा.

कोन मेंदीवालीकडे मिळतो तसा पुरतो. कडांवर आयसिंगची जाड रेघ ओढा, आधी पुढची भिंत आणि बाजूची भिंत काटकोनात जोडा, आत-बाहेर डाळीचे डबे टेकवा. चारही भिंती झाल्या की दीड-दोन तास घराकडे बघायचंही नाही. छपराची घाई तर नकोच. छप्पर लावल्यावर ते हळूच खाली घसरायला लागतं. वळचणीखाली दोन्ही बाजूंना वाट्या उपड्या ठेवून आधार द्या आणि रात्रभर पंख्याखाली सोडून द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव जमतं आणि काकवीच्या भिंती आधी मऊ होतात. स्वयंपाकघरातही नको, कुकरची वाफ असते. आमच्याकडे डिसेंबरची हवा कोरडी, त्या बाबतीत सांगलीने नशीब काढलंय. फक्त पहाटे कृष्णेवरून धुकं येतं तेव्हा खिडकी लावून घ्या. गोळ्या आणि जेम्स छप्पर पक्कं झाल्यावर लावायच्या. ओल्या आयसिंगवर लावल्या तर त्यांचा रंग सुटून बर्फाला होळी लागते. तासगावच्या बेदाण्यांची फरशी मात्र झकास बसते आणि रंगही सोडत नाही.

मग मुंग्या. सकाळी उठल्यावर त्या दारातून रांगेने आत जाताना दिसतात, घर त्यांच्याच नावावर असल्याच्या थाटात. हळदीची रेघ ओढायचा उपाय सांगतील. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, मुंग्यांना त्याचं काही नाही. आणि पंख्याने ती हळद उडून बर्फावर बसते ते वेगळंच. परातीत पाणी घ्या, मध्ये वाटी उपडी घाला, तिच्यावर घराचा पाट ठेवा. पाट परातीच्या कडेला टेकता कामा नये, नाहीतर तो पूल झाला.

राहता राहिली शाळेपर्यंतची वाट. रिक्षा करा, स्कूटरवर नको. घर मांडीवर न घेता पायाशी खोक्यात ठेवा, मांडी प्रत्येक गतिरोधकाला उडते. आणि ताठ टोकाच्या आयसिंगचा एक भरलेला कोन, तोंडाला टाचणी खोचून, ओल्या रुमालात गुंडाळून बरोबर असू द्या. धुराडं शाळेच्या फाटकातच पडतं.